उभ्या माणसांनी टीव्हीची उंची ठरवू नये

आमच्या बैठकीच्या खोलीत एक निसर्गचित्र जरा जास्तच उंचावर टांगलेलं आहे. त्याच्या मागे चार भोकं आहेत. आमचा आधीचा टीव्ही तिथे होता. तो बसवायला आलेला मुलगा उभा होता, मी उभी होते, नवरा उभा होता. तिघांनी मिळून एकमतानं उंची ठरवली आणि ती आमच्या डोळ्यांसमोर अगदी बरोबर आली. मग आम्ही सोफ्यावर बसलो. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा जवळजवळ पाऊण मीटर वर होता. दोन आठवड्यांत सगळ्यांच्या माना धरल्या आणि आमचा मुलगा पालथा पडून उशीवर हनुवटी टेकवून टीव्ही बघायला लागला. भोकं पाडून झाल्यावर माणूस हट्टी होतो, त्यामुळे तो टीव्ही तसाच काही वर्षं राहिला.

तो गेला आणि ६५ इंची आणायचं ठरलं, तेव्हा मी उलटीकडून सुरुवात केली. आधी बसले, मग मापं घेतली, दुकान सगळ्यात शेवटी. तुम्हीही तसंच करा. कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घ्या आणि घरात कोण कुठे बसतं ते लिहून काढा. आमची यादी अशी होती: सोफ्यावर आम्ही दोघं, पडद्याच्या अगदी समोर, मुलगा खाली गादीवर, बराच जवळ, आणि सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत, पडद्याच्या चांगल्याच बाजूला. त्यांना कानांनी जरा कमी ऐकू येतं. खिडकी डावीकडे आहे आणि दुपारी तिथून ऊन आत येतं. पुढचा प्रत्येक निर्णय या यादीनंच घेतला.

आता आकार. टीव्हीचे इंच म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. भिंतीवर प्रत्यक्षात लागते ती रुंदी आणि उंची: ५५ इंचीला सुमारे १२२ बाय ६९ सेंटीमीटर, ६५ इंचीला १४४ बाय ८१, ७५ इंचीला १६६ बाय ९३. चौकट थोडी वेगळी. किती लांबून बघायचं याचं सोपं गणित असं: डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर तिरक्या लांबीच्या १.२ ते १.६ पट असावं. १.२ पटीवर पडदा नजरेचा साधारण ४० अंशांचा भाग व्यापतो, सिनेमागृहात मधल्या रांगेत बसल्यासारखं वाटतं; १.६ पटीवर साधारण ३० अंश, रोजच्या बघण्याला निवांत. आमचा सोफा पडद्यापासून २.७ मीटरवर. त्याला १.६ नं भागलं की १६९ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम ६६ इंच. नवऱ्याला ७५ हवा होता, गणितात तोही बसत होता. पण खाली गादीवर लोळणाऱ्या मुलाचं अंतर धरलं तर नसता बसला.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर रंगकामाची चिकटपट्टी घ्या आणि भिंतीवर त्या मापाची चौकट आखा, किंवा वर्तमानपत्रं जोडून तेवढा कागद लावा. दोन दिवस तसाच राहू द्या. आमच्या कागदाला सासूबाई पहिल्या संध्याकाळी ‘केवढं हे धूड’ म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी त्यांचं लक्षही गेलं नाही. मोठा पडदा नजरेत मुरतो. छोटा घेतलात तर चुटपुट लागून राहते.

एक इशारा मात्र आहे. जुन्या पद्धतीच्या वाहिन्यांचं चित्र ५७६ रेषांचं असतं, आणि ४के पडद्यावर २१६० रेषा असतात. मधल्या रेषा टीव्ही अंदाजानं भरतो. पडदा जितका मोठा, तितका तो अंदाज उघडा पडतो. घरात दिवसभर अशाच वाहिन्या चालत असतील तर आकाराचा मोह एक पायरी कमी ठेवा. आणि ८केचा विचार सोडून द्या. ६५ इंचीवर २.७ मीटरवरून साध्या निरोगी नजरेला ४केचे ठिपकेसुद्धा सुटे दिसत नाहीत. त्याच्या चौपट ठिपके घेऊन कोणाला दाखवणार?

आता पडद्याचा प्रकार. खोक्यावरची नावं गोंधळात पाडतात, म्हणून मी फक्त दोन घराणी लक्षात ठेवते. एक एलसीडी: मागे दिवे, पुढे काच, आणि काचेतले ठिपके तो उजेड अडवतात किंवा सोडतात. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी ही सगळी याच घराण्यातली. फरक दिव्यांचा आणि रंगाच्या थराचा. दुसरं ओलेड: प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो, म्हणून काळा खराखुरा काळा दिसतो.

एलसीडीत पुन्हा दोन जाती असतात आणि विक्रेता त्याबद्दल क्वचितच बोलतो. व्हीए जातीचा काळा गडद, पण बाजूनं बघितलं की रंग धुतल्यासारखे फिके पडतात. आयपीएस जातीचा काळा राखाडीकडे झुकतो, पण बाजूनं रंग टिकतात. आमच्याकडे प्रश्न सासूबाईंच्या खुर्चीचा होता. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खुर्ची वळवणं, आणि तो मी करून पाहिला. पण त्यांना टीव्ही बघता बघता खिडकीतून रस्ताही बघायचा असतो. तासाभरात खुर्ची पुन्हा जुन्या जागी.

ओलेड बाजूनंही छान दिसतं, मग तेच का नाही? कारण आमच्याकडे दुपारी ऊन येतं आणि बातम्यांची वाहिनी तासन्‌तास चालते. ओलेडवर एकाच जागी कायम दिसणारी गोष्ट, वाहिनीचं चिन्ह किंवा खालची सरकती पट्टी, कालांतरानं ठसा ठेवू शकते. रात्री अंधार करून सिनेमे बघणारं घर असेल तर मी डोळे मिटून ओलेड सांगेन. आमचं घर तसं नाही. म्हणून आम्ही आयपीएस घेतला, आणि त्यात मागचे दिवे भागाभागानं कमीजास्त होतात असा घेतला, म्हणजे काळ्याची उणीव थोडी भरून निघते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की भोवती धूसर वलय दिसतं. मला दिसतं. घरात बाकी कोणाला आजवर दिसलेलं नाही आणि मी दाखवून देणार नाही.

एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त मोठा फरक दाखवणाऱ्या चित्राच्या, शिक्क्याला भुलू नका. स्वस्त टीव्हीवर त्याचा अर्थ एवढाच असतो की तसं चित्र टीव्हीला वाचता येतं. दाखवता येतंच असं नाही. असं चित्रण बरेचदा १००० निट (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड गृहीत धरून तयार केलेलं असतं. ३०० निटच्या पडद्यावर ते उलट अंधारं दिसतं. किती निट, हा आकडा विचारा. उत्तर टाळलं गेलं तर समजून जा.

दुकानात जाताना माझ्या फोनवर काढलेलं घरातलंच चित्रण पेन ड्राइव्हवर घालून नेलं: सासूबाई, मुलगा, संध्याकाळचा उजेड. दुकानात जे दाखवतात त्यात पोपट, लाव्हा आणि रंगाचे फवारे असतात. खरा पोपट कसा दिसतो ते मला पाठ नाही. सासूबाईंची कांती मात्र पाठ आहे. विक्रेत्याला चित्राची पद्धत ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करायला सांगा, मग तेवढ्याच अंतरावर उभं राहून समोरून बघा आणि तुमच्या घरातल्या खुर्चीच्या कोनातूनही बघा. दोन मिनिटांत निम्मे टीव्ही बाद होतात.

त्याच वेळी मागची बाजूही बघून घ्या. एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज आणणाऱ्या वायरीची, भोकं किती, त्यातली बाजूला तोंड केलेली किती? भिंतीवर लावल्यावर सरळ मागे उघडणाऱ्या भोकात वायर घुसवणं म्हणजे शिक्षा. त्यातलं एक ‘ईआर्क’ असावं, टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरकडे नेण्यासाठी. घरात खेळयंत्र असेल तर सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा, म्हणजे १२० हर्ट्‌झचा पडदा आणि एचडीएमआय २.१ विचारा, नसेल तर त्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर मोजा. मोठ्या टीव्हीचे पाय हल्ली दोन टोकांना असतात आणि आपलं कपाट नेमकं चार बोटं आखूड निघतं.

जागेबद्दल एक युक्ती. फोटोच्या चौकटीत काळा कागद घालून ती काच ठरलेल्या जागी धरा, तुम्ही रोज टीव्ही बघता त्या वेळेला. खिडकी किंवा दिवा काचेत दिसला तर तो टीव्हीतही दिसणार. आम्हाला खिडकी दिसली. आम्ही टीव्हीची जागा हातभर उजवीकडे सरकवली आणि खिडकीला जाड पडदा लावला.

भिंतीचं काम

सोफ्यावर नेहमीसारखं बसा, ताठ नाही, आणि दुसऱ्या कोणाला तरी डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजू द्या. माझी १०२ सेंटीमीटर भरली. पडद्याचा मध्य तिथे किंवा पाच-दहा सेंटीमीटर वर. ८१ सेंटीमीटर उंचीच्या पडद्याचा मध्य १०५ वर धरला तर खालची कड साधारण ६५ वर येते. बसवायला आलेला माणूस म्हणेल की फार खाली होतंय. उभा असेपर्यंत त्याला तसंच वाटणार. त्याला सोफ्यावर बसवा. आमच्याकडे यावेळी आलेले काका बसले, पाठ टेकली, आणि म्हणाले, ‘हां, मग इथेच.’

सगळ्यांची एक चूक म्हणजे ब्रॅकेटचा मध्य हाच पडद्याचा मध्य समजणं. टीव्हीमागची चार भोकं बरेचदा मध्यापेक्षा खाली असतात. टीव्ही मऊ चादरीवर जरा तिरका टेकवून आधी ते अंतर मोजा, मग भिंतीवर खूण करा. ही भोकं ठरावीक अंतरांवर असतात, २०० बाय २००, ४०० बाय ३००, ६०० बाय ४०० मिलिमीटर वगैरे, आणि ब्रॅकेट त्याच मापाचा, टीव्हीचं वजन पेलणारा हवा. ६५ इंचीचं वजन साधारण वीस-पंचवीस किलोच्या घरात असतं. स्क्रू माहितीपत्रकात दिलेल्याच लांबीचे. फार लांब स्क्रू आतल्या भागाला भिडतो, फार आखूड धरत नाही. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत गिट्टी ठोकून स्क्रू बसतात. पोकळ भिंत असेल तर आतल्या खांबांतच स्क्रू जायला हवेत, नुसत्या तक्त्यात नाही. ड्रिल मारण्याआधी भिंतीतून वीज आणि पाणी कुठून गेलंय ते बघा. पाणसळ लावा. डोळ्यांना सरळ दिसणारी रेघ भिंतीवर हमखास तिरकी निघते.

टेबलावर ठेवणाऱ्यांनी मागून पट्ट्यानं टीव्ही भिंतीला बांधावा. लहान मूल असलेल्या घरात तर त्याशिवाय तो चालूही करू नये.

वायरी भिंतीतून न्यायच्या असतील तर पाइप दीड-दोन इंची घाला. एचडीएमआयचं डोकं वायरीपेक्षा बरंच रुंद असतं आणि अरुंद पाइपात ते वळणावर अडकतं. आत एक जास्तीची दोरी सोडून ठेवा. उद्या नवी वायर ओढायला तीच कामाला येते. विजेचा सॉकेट पडद्यामागे घेतलात तर ब्रॅकेटच्या आड नको, बाजूला हवा. आणि विजेच्या वायरी एचडीएमआयच्या पाइपातून नेऊ नका, त्यांना वेगळा पाइप.

खोकं उघडायला दोन माणसं लागतात. टीव्ही आडवा झोपवून नेऊ नका आणि काचेवर तळवा टेकवू नका. लावल्यावर लगेच पांढरं, राखाडी आणि काळं असं कोरं चित्र एकेक मिनिट पडद्यावर आणा, काळं अंधारात. मेलेले ठिपके, राखाडीवर मळके डाग, कोपऱ्यातून गळणारा उजेड दिसेल. परत देण्याची मुदत असेपर्यंत खोकं टाकू नका.

दुकान घरातून बाहेर काढणं

पहिल्यांदा चालू केल्यावर टीव्ही विचारतो, घरी वापरणार की दुकानात. ‘घर’ निवडा. मग येतात करारनामे. वापराच्या अटी मान्य कराव्या लागतात, पण तुम्ही काय बघता ते ओळखून कंपनीला कळवणाऱ्या सोयीला नकार देता येतो. सॅमसंगमध्ये तिचं नाव ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’. सगळं ‘मान्य’ दाबत गेलात तर ती चालू राहते.

आता चित्र. ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते टीव्हीच्या किमतीतला अर्धा फायदा हिच्यात आहे. पहिल्या संध्याकाळी आमच्या टीव्हीवर जुना सिनेमा लागला आणि सासूबाई म्हणाल्या, ‘माणसं मेणाची का दिसतायत? आणि सिनेमा मालिकेसारखा का चाललाय?’ दोन्ही तक्रारी तंतोतंत बरोबर होत्या.

मालिकेसारखं दिसण्याचं कारण असं: सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतो, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी. एलजीत याला ‘ट्रूमोशन’ म्हणतात, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’. सिनेमासाठी ते बंद करा. २०१८ मध्ये टॉम क्रूझनं खास चित्रफीत काढून लोकांना हीच विनंती केली होती. २०१९ मध्ये दिग्दर्शक आणि कंपन्यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ आणला, त्यात हे सगळं एका बटणात बंद होतं. खेळांसाठी थोडं चालू ठेवलं तर मी भांडणार नाही.

मेणाचं कारण ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ पद्धत. ती दुकानातल्या झगमगाटासाठी असते. ‘मूव्ही’, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ निवडा. रंगाची छटा ‘वॉर्म’. पहिल्या तासाला सगळं पिवळट वाटेल, दोन दिवस दम धरा. पांढऱ्याचं ठरलेलं प्रमाण साधारण ६५०० केल्विन आहे आणि तीच छटा त्याच्या जवळ जाते. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. ती नवा तपशील आणत नाही, कडांना पांढरी किनार काढते. मात्र सोनीच्या मापात ५० म्हणजे तटस्थ, तिथे शून्य केलं तर चित्र धूसर होतं. चित्र आपोआप ‘स्वच्छ’ करणाऱ्या सोयी बंद. कडा कापल्या जात असतील तर ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’. उजेड कमीजास्त करायचा तो ‘बॅकलाइट’नं, ‘ब्राइटनेस’ म्हणून जे असतं ते बहुतेक टीव्हींत काळ्याची पातळी हलवतं. नावं उलटीपालटी आहेत, माझा इलाज नाही.

यात मी एकदा फसले. सगळं नीट लावलं आणि दुसऱ्या दिवशी एचडीआर सिनेमा लागल्यावर मेणाची माणसं परत. ही सगळी मांडणी प्रत्येक एचडीएमआयसाठी, आणि साध्या चित्राला, एचडीआरला व डॉल्बी व्हिजन या त्याच्याच एका प्रकाराला वेगवेगळी जपली जाते. तीनही लावावी लागतात. मुलाच्या खेळयंत्राला ‘गेम मोड’. नाहीतर बटण दाबल्यावर चित्र मागून येतं आणि हरल्याचं खापर टीव्हीवर फुटतं. त्याच्या एचडीएमआयला पूर्ण ताकद आधी चालू करून द्यावी लागते, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’ नावानं. वायर ४के १२०साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ शिक्क्याची, एरवी ‘प्रीमियम हाय स्पीड’ पुरते. सोन्याचा मुलामा असलेल्या महाग वायरीनं चित्र उजळत नाही. ते आकडे असतात, पोचतात किंवा अडखळतात.

इंटरनेट: ४के पाहायला सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट पुरतात. वायफाय ५ गिगाहर्ट्‌झचं द्या. वायरनं जोडलंत आणि वेग शंभरावर अडला तर घाबरू नका, बऱ्याच टीव्हींचं ते भोक शंभराचंच असतं.

आवाज. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संवाद भिंतीला ऐकू येतात आणि माणसांना नाही. सासूबाईंसाठी आम्ही साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घेतला, आणि मुद्दाम मधला वेगळा स्पीकर असलेला, म्हणजे ३.१ (तीन स्पीकर आणि एक खर्जाचा). संवाद बहुतेक त्याच मधल्या स्पीकरमधून येतात. तो ‘ईआर्क’ लिहिलेल्या भोकातच जोडा आणि एकच रिमोट चालावा म्हणून सीईसी चालू करा. सॅमसंग त्याला ‘ॲनीनेट प्लस’ म्हणतं, एलजी ‘सिम्पलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’. बार पडद्याच्या खालच्या कडेआड आला तर रिमोटचा डोळा झाकला जातो, दहा सेंटीमीटर मोकळे ठेवा. ‘नाइट मोड’ रात्रीसाठीच आहे असं समजू नका. त्यानं मोठे आवाज खाली येतात, हळू आवाज वर येतात, आणि कमी ऐकू येणाऱ्याला दिवसाही तेच हवं असतं. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ‘ऑडिओ डिले’ हलवा. बातम्या देणाऱ्या माणसाच्या तोंडावर ते पटकन जुळवता येतं.

पडदा कोरड्या मऊ मायक्रोफायबरनं पुसा. काच पुसायचं द्रावण नको, वरचा थर जातो. ओलेड असेल तर रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय सोडा. तो झोपेत असताना ठिपक्यांची डागडुजी करतो, त्याला वीज लागते. हे वाक्य आमच्या घरात मान्य झालं नसतं, ओलेड न घेण्याचं ते आणखी एक कारण.

सगळं जमलं की चित्राच्या आणि आवाजाच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. एखाद्या अपडेटनंतर मांडणी पुसली जाते आणि मग आठवत बसावं लागतं. रिमोटवर मी दोनच बटणांना रंगीत ठिपके चिकटवले आहेत, हिरवा चालू-बंदला, पिवळा सासूबाईंच्या वाहिनीला. लाल ठिपका मुलानं लावून घेतला आहे. तो कशाचा आहे ते अजून आम्हाला सांगितलेलं नाही.